मुक्ताबाईच्या डोक्यावरचं फडकं

२७ ऑक्टोबर, सोमवार

हाताला अजून तो वास येतोय. तीनदा साबण लावला, लिंबू चोळलं, तरी आहेच. ह्यांनी चहा करून दिला तर चहालासुद्धा तोच वास!

सकाळी साडेनऊला दवाखान्यात जीपमधून एक बाई आणली. मुक्ताबाई. वय पंचावन्न सांगितलं, दिसते पासष्टची. मोहट्याच्या बाजूचं गाव. त्यांची टोळी चार दिवसांत ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे निघायची, बोचकी बांधून झालेली, आणि ही गोठ्यात पडलेली सापडली. तोंडाला फेस, लुगडं घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. छातीची घरघर तर दारातूनच ऐकू येत होती. सिस्टर म्हणून अठ्ठावीस वर्षं हेच बघतेय मी. कपाशीवर फवारायचं औषध, दुसरं काय!

डॉ. अनिमेष चप्पल न घालताच धावत आले. अॅट्रोपिन सुरू केलं, ह्या विषावरचा उतारा. पाच मिनिटं थांबायचं, बघायचं, मग दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. त्याची काचेची कुपी करंगळीच्या पेराएवढी, आणि अशा बाईला एका दिवसात शंभर-शंभर लागतात. मी फोडत होते, डॉक्टर देत होते. अंगठ्याला दोन ठिकाणी काच लागली. आणि मधूनमधून तिच्या काखेत हात घालून बघायचं, ओली आहे की कोरडी. मशीनं आली तरी ह्या एका गोष्टीला माणसाचाच हात लागतो. काख कोरडी, छाती मोकळी, नाडी ऐंशीच्या वर — की समजायचं, उतारा लागू पडला. अकराच्या सुमारास काख कोरडी झाली. मी डॉक्टरांकडे बघून मान हलवली. त्यांनी भिंतीला टेकून एक श्वास सोडला. पोरगेलाच आहे अजून.

नळी घालून पोट धुतलं. आलं ते नुसतं मिठाचं पाणी, घरच्यांनी उलटीसाठी पाजलेलं. वास नाही, रंग नाही. डॉक्टर म्हणाले, असं कसं? मी म्हटलं, आधीच उलटीत गेलं असेल.

मुलगा गोरक्ष बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. सून मोनिका, असेल बावीस-तेवीसची, कोपऱ्यात उभी. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. जीपबरोबर आलेल्या बायकांनी माझ्या कानावर घातलंच — काल सासू-सुनेचं वाजलं होतं. यंदा नातीला घेऊन घरी कोण राहणार, यावरून. आता हवालदार येऊन नाव लिहून गेला. सासूने सुनेपायी औषध घेतलं, एवढं गावाला पुरे. बाई वाचली तर ठीक, नाहीतर त्या पोरीचा जन्म गेला.

आता जे लिहायचं ते लिहून टाकते.

औषध कातडीतूनही आत जातं, म्हणून अंग साबणाने धुवायचं असतं. मी आणि वॉर्डातल्या आया आक्काबाईने पडदा ओढला, लुगडं काढून पिशवीत भरलं, अंग धुतलं. शेवटी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला. आत जट! मनगटाएवढी जाड, अंबाड्यासारखी गुंडाळलेली, वर हळद-कुंकू. आक्काबाई दोन पावलं मागे सरली. वीस वर्षं रोग्यांचं सगळं उपसणारी बाई! म्हणाली, "मी न्हाई हात लावायची. तुमी बी लावू नका."

मोनिका पडद्याआड आली आणि माझे पाय धरले. "ताई, तेवढी ऱ्हाऊ द्या. बारा वर्सांची हाय. देवीची हाय. हात लावनाऱ्याच्या घरात वाईट व्हतं."

मी मास्तरांची मुलगी. शाळेत अंधश्रद्धेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं. पण हात पुढे गेला नाही. माझ्या लेकीला, प्रणिताला, आठवा महिना चाललाय. पुण्यात दिवसभर एकटी असते. तेवढंच मनात आलं — आणि मी कपाटातून पांढरं फडकं काढून मुक्ताबाईच्या डोक्याला घट्ट बांधून टाकलं. वास तर होताच, पण तो लुगड्याचा असं मी ठरवलं.

चार्टवर लिहिलं, डोक्यापासून पायापर्यंत अंग धुतलं.

२८ ऑक्टोबर

सकाळी बरी वाटली. नाडी एकशे दहा, छाती कोरडी. बडबड सुरू झाली होती, पण अॅट्रोपिनवरचे सगळेच बडबडतात, हवेत बोटं चालवतात. मागच्या वर्षी एक आजोबा दिवसभर चादरीची म्हैस पिळत होते, आणि मी पेला धरला नाही म्हणून रागावले होते! मुक्ताबाईचा हात सारखा डोक्याकडे जायचा, फडकं ओढायची. "काढ. काढ गं बाई. काढून टाक." मला वाटलं कपाशीच्या रानात आहे. म्हटलं, काढते हो, दहा किलो झाला तुमचा कापूस, बसा आता बांधावर. ती माझ्याकडे बघून रडायला लागली. नळ्या उपसू नयेत म्हणून दोन्ही हात मऊ पट्टीने पलंगाला बांधले.

दुपारी डॉक्टरांनी अॅट्रोपिनचे थेंब कमी केले. तासाभरात काख ओली. बाहुल्या पुन्हा बारीक. पुन्हा कुप्या फोडा.

मोनिकाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माझ्या डब्यातली पोळी-भाजी दिली. पहिला घास हातात धरून बसली. म्हणाली, "मी बोलले हुते त्यांना. मानंला लागत असंल तर मोळी उचलू नका, नातीपाशी घरी ऱ्हावा, म्हनलं. एवढंच बोलले." मी म्हटलं, खा. दुसरं काय म्हणणार होते?

२९ ऑक्टोबर, सकाळी, चहाच्या वेळेला

रात्रपाळीच्या सिस्टरची नोंद — दोनदा बिघडली. कुप्या चाळीस उरल्यात. नगरहून पार्सल उद्याच्या एसटीने निघेल, कंडक्टरला सांगून ठेवलंय म्हणे.

डॉक्टर चार्ट घेऊन बसलेत. मला म्हणाले, "सिस्टर, पोटात गेलेलं विष आज ना उद्या ओसरतं. हे ओसरत का नाही? कुठून तरी अजून आत जातंय. अंग नीट धुतलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

दुसऱ्यांदा!

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ

घरी आलेय. ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पाट मांडला, वरणभात वाढला. आता लिहिते.

साडेदहाला मुक्ताबाईचा श्वास तोकडा पडायला लागला. मान उशीवरून उचलेना. डॉक्टरांनी नगरला फोन लावला, तिथे श्वासाचं मशीन रिकामं आहे का म्हणून. पन्नास किलोमीटर. ह्या अवस्थेत करंजी घाट ओलांडून जाईल की नाही, कोणी सांगावं! त्यांनी गोरक्षला बोलावून तसं स्पष्ट सांगितलं. गोरक्ष पहिल्यांदाच बायकोकडे बघून बोलला. "झालं तुझं समाधान?"

मी बाहुल्या बघायला वाकले. नाक फडक्याजवळ गेलं आणि तो वास आला. काल-परवापेक्षा उग्र, खोबरेल मिसळलेला. फडक्यावर पिवळा डाग पडला होता. धुतलेलं, पांढरं, मी स्वतः बांधलेलं फडकं!

म्हटलं सुचित्रा, आता बोलली नाहीस तर पुन्हा ह्या वॉर्डात पाऊल टाकू नकोस.

डॉक्टरांना सांगितलं. डोकं धुतलं नव्हतं, खोटं लिहिलं, खोटं बोलले. वाटलं होतं ओरडतील, ओरडायलाच हवं होतं. ते हातमोजे चढवत म्हणाले, कात्री द्या. मी म्हटलं, कात्री माझ्याकडेच राहू दे. माझ्या हाताने बांधलंय, माझ्या हातानेच सुटेल.

गोरक्षला विचारलं. तो म्हणाला, कापा, पण मी आत येनार न्हाई. आक्काबाई बादलीभर गरम पाणी ठेवून निघून गेली. डोकं धरायला कोणीतरी हवं होतं. मोनिकाने स्वतःहून हातमोजे मागितले. ती पलंगावर चढून बसली, सासूचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि डोळे मिटले. "कापा ताई. व्हायचं ते माझ्या घरात होऊ द्या. तुमच्या नगं." बावीस वर्षांची पोर!

साधी कात्री चालेना. प्लास्टर कापायची मोठी आणली. चिंध्यांचा दोर कापावा तसा आवाज येत होता. मनात प्रणिताचं नाव घेत होते, देवीचं नाही. जट सुटून ट्रेमध्ये पडली ती धप्पकन! आत मुळापर्यंत तेलकट औषध मुरलेलं, खाली टाळूवर खाजवून खाजवून झालेल्या जखमा. तिथूनच तीन दिवस आत झिरपत होतं. आम्ही वरून उतारा देत होतो आणि खालून विष चालूच.

उरलेले केस बारीक केले, मग साबण, गरम पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. तिसऱ्या तांब्याला मुक्ताबाईची तगमग थांबली. चेहरा सैल पडला. मोनिका हळूच म्हणाली, बारा वर्सांत डोक्यावरनं पानी न्हाई घेतलं यांनी. आमी दिवाळीला उटनं लावायचो, ह्या नुस्ते पाय धुवायच्या. मग आम्ही दोघींनी चौथा तांब्या घातला. गरज नव्हती. घातला.

दुपारी गोरक्षने शेजाऱ्याला फोन करून न्हाणीघर बघायला लावलं. कोनाड्यात खोबरेलाच्या बाटलीत फवारणीचं औषध मिसळलेलं! म्हणजे पोटात काही गेलंच नव्हतं. मोनिकाला आठवलं, सासूबाई महिनाभर डोकं खाजवत होत्या. सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं — उवा! टोळीबरोबर जायच्या आधी उवा मारायला लावलं असणार. इकडे अजून करतात लोक असं, शंभरदा सांगूनही.

गोरक्ष बाहेर गेला आणि दोन कप चहा घेऊन आला. एक मोनिकाच्या हातात दिला. चहा पिताना ती इतकी रडली की अर्धा सांडला.

मी चार्ट मागून घेतला. २७ तारखेच्या नोंदीखाली लिहिलं, डोकं धुतलं नव्हतं, नोंद चुकीची. सही केली. डॉक्टरांनी शेजारी सही केली आणि म्हणाले, पुढच्या वेळी भीती वाटली तर मला सांगा, दोघं मिळून घाबरू.

३० ऑक्टोबर

काख कोरडी. छाती मोकळी. थेंब निम्म्यावर आणले तरी तशीच. सतरा कुप्या उरल्या आणि मग पार्सल आलं!

३१ ऑक्टोबर

आज डोळे उघडून नीट बघितलं. पाणी मागितलं. नातीचं नाव घेतलं.

हवालदार जबाब घ्यायला आला. विचारलं, "उवांसाठी लावलं का औषध?" मुक्ताबाईने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग मान हलवली. मोनिकाला तो म्हणाला, चला, तुमी सुटलात.

डोक्याला मलमपट्टी आहे, जाड. मुक्ताबाईला वाटतंय खाली सगळं जागच्या जागी आहे. कोणी सांगायचं? गोरक्ष मोनिकाकडे बघतो, मोनिका माझ्याकडे, मी डॉक्टरांकडे, आणि डॉक्टर खिडकीबाहेर. चार शहाणी माणसं!

१ नोव्हेंबर

जट अजून माझ्याकडेच आहे. नियमाने दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर पिवळ्या पिशवीतून जाळायला जायला हवी. दोनदा पिशवीपर्यंत नेली. बारा वर्षं तिने डोक्यावर वागवली, तिला न विचारता जाळू? जाड पिशवीत बांधून, वर 'विषारी' लिहून, मागच्या कुलूपबंद खोलीत ठेवलीय. आक्काबाई त्या खोलीवरून जाताना नमस्कार करते.

आज फोन वाजला, पुण्याचा. काळजात चर्र झालं. प्रणिताला डिंकाच्या लाडवात खारीक किती घालायची ते हवं होतं! इतकी रागावले तिच्यावर की ती घाबरली.

२ नोव्हेंबर, रविवार

माझी सुट्टी, तरी गेले. पट्टी मीच बदलायची ठरवलं होतं.

पडदा ओढला. पट्टी सोडली. मुक्ताबाईने हात वर नेला, डोक्यावरून फिरवला. कपाळापासून मानेपर्यंत, पुन्हा मानेपासून कपाळापर्यंत. बोटं थांबली. मी म्हटलं, "मुक्ताबाई, जीव जात होता तुमचा. मी कापली. तुम्हाला विचारलं नाही. काय बोलायचं ते मला बोला, सुनेला बोलू नका."

तिने माझा हात धरला. तळहात उलटा करून बघितला, बोटं एकेक बघितली, अंगठ्यावरची काचेची जखम बघितली.

"ह्ये तवाच लागलं का?"

म्हटलं, नाही, ते औषधाच्या काचेने.

"घरी समदं बरं हाय ना तुझ्या? लेकरंबाळं?"

प्रणिताचं सांगितलं. आठवा महिना, पुणे. ती उठून बसली, एवढा अशक्तपणा असून. पदराची गाठ सोडून अंगाऱ्याची पुडी शोधायला लागली — पण लुगडं दवाखान्याचं, पदरात काय असणार! मग माझ्याच कपाळाला नुसतं बोट टेकवलं. "तिला काय व्हायचं न्हाई. म्या सांगते ना देवीला, व्हायचं ते माझ्यावर घाल म्हनून."

अठ्ठावीस वर्षांत रोग्यासमोर कधी रडले नव्हते. आज रडले. पट्टी वाकडी बांधली गेली, पुन्हा बांधावी लागली.

४ नोव्हेंबर

घरी सोडलं. टोळी पुढे गेलीय, गोरक्ष आणि मोनिका आठवड्याने जातील. मुक्ताबाई नातीला घेऊन घरी राहणार. ज्यावरून वाजलं होतं, ते असं मिटलं!

जटेचं काय करू, विचारलं. म्हणाली, जाळून टाक. सहज म्हणाली. मी दोनदा विचारलं.

निघताना मोनिकाने तिच्या डोक्याला फडकं बांधायला घेतलं. मुक्ताबाईने ते काढून खांद्यावर टाकलं. जीपमध्ये उघड्या डोक्याने बसली, खिडकीजवळ.

११ नोव्हेंबर

मुक्ताबाई तपासणीला आली होती, एकटीच, एसटीने. केसांच्या इवल्याशा खुंटांना तेल लावलेलं. पिशवीत नवा कंगवा. मला काढून दाखवला! टाळूच्या जखमा भरल्यात. मी चिडवलं, आता उवांना जागाच नाही ठेवली तुम्ही.

तिने दार लोटून घेतलं. म्हणाली, "उवा न्हवत्याच, शिस्टर. बारा वर्सं मान मोडत हुती. जट सोडवनारी मानसं आलती गावात, तर बायांनी पिटाळून लावली. मला कुनी इचारलंच न्हाई. कात्री लावंल त्याच्या घरावर यायचं, मंग सांगायचं कुनाला? सुनंला? म्हनलं आपुनच औषध घालावं. मुळातनं मरंल, गळून पडंल, कुनाला पाप न्हाई."

ती गेल्यावर मी जुना चार्ट काढला. २८ ऑक्टोबर. माझंच अक्षर — 'रुग्ण सतत डोक्याकडे हात नेते. काढ, काढून टाक, असं म्हणते. असंबद्ध बडबड. हात बांधले.'